जखमी पक्षी कोणाचा?

पावसाळा ओसरला की आपल्या मोहल्ल्यांतून, मदरशांतून आणि शाळांतून सहलींचे बेत ठरू लागतात. मुंबई-पनवेलकडील कित्येक कुटुंबे कर्नाळ्याची वाट धरतात. मुंबई-गोवा महामार्गालगतचे हे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. अंगठ्यासारखा सुळका असलेल्या तेथील किल्ल्यापर्यंत जाणारी पायवाट दाट झाडीतून जाते. अशा सहलीला जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एखाद्या केंद्राची भेट जोडली, तर मुलांना फार मोठी शिकवण मिळू शकते. सकाळी रानात मोकळा उडणारा पक्षी पाहिलेले मूल दुपारी पंखाला पट्टी बांधलेला पक्षी पाहते, तेव्हा ते सहज विचारून जाते, "हा आता कोणाचा?"

प्रश्न लहान मुलाचा असला, तरी उत्तर सोपे नाही. ज्याने वाचवले त्याचा, असे आपल्या तोंडून चटकन निघते. पण आपल्या धर्माची शिकवण तसे म्हणू देत नाही. दिव्य कुरआनच्या सूरह अल-अन्आमच्या अडतिसाव्या आयतीत दोन पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना मानवाप्रमाणेच समुदाय मानले आहे. सूरह अन-नूर सांगते की पंख पसरलेले पक्षीही अल्लाहची स्तुती करतात आणि प्रत्येकाला आपली उपासना ठाऊक आहे. सूरह अल-मुल्कमध्ये आपले लक्ष आकाशाकडे वेधून सांगितले आहे की तेथे त्यांना सावरून धरणारा केवळ रहमान आहे. ज्याला आकाशात तो सावरतो, तो जमिनीवर कोसळला म्हणून आपल्या मालकीचा होत नाही. तो आपल्या हाती आलेली अमानत असतो आणि अमानत परत करावयाची असते.

पक्षी उपचार केंद्रांचे सारे काम याच तत्त्वावर चालते. संक्रांतीच्या सुमारास काचेची भुकटी लावलेल्या किंवा नायलॉनच्या मांजाने घारी, घुबडे, बगळे, कबुतरे जखमी होतात. दोरा पंखाची कातडी, स्नायू आणि कधी हाडापर्यंत कापत जातो. आणलेल्या पक्ष्याला प्रथम अंधाऱ्या, शांत जागी ठेवतात, कारण जखमेइतकाच माणसाच्या भीतीनेही तो मरू शकतो. उपचारापुरताच त्याला हात लावतात. कुरवाळत नाहीत, लाडाने बोलत नाहीत. जखम भरल्यावर मोठ्या जाळीघरात त्याला पुन्हा उडण्याचा सराव होऊ देतात आणि पंखांत बळ आले की मोकळे सोडतात. बरा झालेला पक्षी मागे वळून पाहत नाही, आभार मानत नाही. तो माणसाला घाबरून दूर जातो, हेच उपचार सफल झाल्याचे लक्षण! ज्यांच्यावर उपकार केले त्यांच्याकडून मोबदला नको आणि कृतज्ञताही नको, ही सूरह अद-दहरमध्ये वर्णिलेली सज्जनांची वृत्ती येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

म्हणूनच अशा केंद्रात जाताना आपला मोठा समूह त्या रुग्णांसाठी त्रास ठरू नये. आधी परवानगी घ्यावी, मुलांना हळू बोलण्यास शिकवावे, पिंजऱ्यापाशी मोबाईल उगारू नये. उपचार चालू असलेले पक्षी दाखवण्यास तेथील लोकांनी नकार दिला, तर मन खट्टू करू नये. पाहण्याची आपली हौस आणि पक्ष्याची गरज यांत गरज मोठी आहे, हा धडा त्या नकारातच मुलांना मिळतो.

आता एक कठीण प्रश्न. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसनुसार ज्या पाच जीवांना हरमच्या हद्दीतही मारण्यास मुभा आहे, त्यांत घारीचे नाव आहे. मग जखमी घारीवर दया करण्यात काय अर्थ, असे कोणी विचारील. पण त्याच पाचांत चावरे कुत्रेही आहे आणि तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्यास अल्लाहने क्षमा केल्याची हदीसही याच दोन संग्रहांत आहे. दोन्ही शिकवणी एकत्र ठेवल्या की अर्थ उलगडतो. ती मुभा उपद्रव टाळण्यासाठी आहे, वैर धरण्यासाठी नव्हे. पंख कापला जाऊन गटाराशेजारी पडलेली घार कोणालाही उपद्रव देत नाही. उपद्रव तिला झाला आहे आणि तोही माणसाच्या खेळातून. शिवाय जिथे जीव घेण्याची परवानगी आहे, तिथेही सुरी धारदार असावी आणि जनावराला कमीत कमी क्लेश व्हावेत, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची आज्ञा आहे. मारतानाही जो धर्म दयेची अट घालतो, तो तडफडणाऱ्या जीवाकडे पाठ फिरवण्यास कशी अनुमती देईल?

या प्रश्नाचे उत्तर दिल्लीतील दोन मुस्लिम भावांनी आपल्या कृतीने दिले आहे. नदीम शहजाद आणि मुहम्मद सऊद यांना तरुणपणी एक जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयात मांसाहारी पक्ष्याला प्रवेश मिळाला नाही. पुढे या भावांनी अशा पक्ष्यांवर घरीच उपचार सुरू केले आणि तळघरातील आपल्या छोट्याशा उद्योगाशेजारी आजवर हजारो घारींची शुश्रूषा केली. त्यांच्यावरील 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ सालचा माहितीपट जगभर गाजला. जो पक्षी कोणालाच आवडत नाही, जो गोड गात नाही, ज्याच्या खाण्याची किळस येते, त्याच्यासाठी त्यांनी रात्री जागवल्या. सुंदर जीवावर प्रेम करणे स्वभावात असते. न आवडणाऱ्या जीवाचाही हक्क मानावा, ही शिकवण मात्र धर्म देतो.

काही पक्षी पुन्हा कधीच उडू शकत नाहीत. त्यांना पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे जुलूम नव्हे काय? येथे मांजरीमुळे शिक्षेस पात्र ठरलेल्या स्त्रीची हदीस आठवावी. तिने मांजरीला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधण्यास मोकळेही सोडले नाही. दोन वाटा होत्या, दोन्ही तिने बंद केल्या. ज्याला सोडता येत नाही, त्याला सांभाळणे हे कर्तव्य होय. ज्याला सोडता येते, त्याला अडकवणे हा अन्याय होय. गज तेच असतात, पण एकासाठी तो निवारा ठरतो आणि दुसऱ्यासाठी तुरुंग.

हा निकष मग आपल्या घराच्या ओसरीपर्यंतही येतो. कित्येक घरांत पोपट असतो. अबू उमैर या बालकाच्या छोट्या पाखराची हदीस पुढे करून पक्षी पाळणे वैध आहे, असे आपण सांगतो. विद्वानांनी त्या हदीसवरून परवानगी काढली आहे हे खरे. पण नीट काळजी घेण्याची अट घालूनच. आपल्याकडे रानातील पोपट पकडणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरट्यातून पिल्ले काढूनच तो बाजारात येतो आणि पिल्ले हिरावलेल्या पक्षिणीची तगमग पाहून ती परत करावयास लावणारे आपले प्रेषित (स.) होते.

सदका म्हणून बाजारातून पाखरे विकत घेऊन सोडण्याच्या प्रथेचाही असाच विचार करावा. आपण दहा सोडतो, तेव्हा पारधी पुढच्या वीस पकडण्यास निघतो. हेतू पुण्याचा असतो, पैसा मात्र जाळ्याला जातो. तोच पैसा जखमी पक्ष्याच्या औषधाला दिला, तर सदकाही घडेल आणि जाळेही पसरणार नाही.

म्हणून सहलीहून परतताना मुलांना तीन गोष्टी सांगाव्यात. जखमी पक्षी दिसला, तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावा; चोचीत पाणी ओतू नये, खाऊ कोंबू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरात रानपोपट असेल, तर त्याला एकाएकी उडवून देऊ नये, कारण अन्न शोधण्याची सवय मोडलेला पक्षी बाहेर तग धरत नाही. तोही वन विभागाच्या स्वाधीन करावा. आणि नायलॉनचा मांजा हाती धरू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच त्यावर देशभर बंदी घातली आहे.

आपण मुलांना दया शिकवतो, तेव्हा नकळत मालकीही शिकवत असतो: माझा पोपट, माझे मांजर. पक्षी बरा करून सोडणारा हात मात्र वेगळे काही शिकवतो. मायेने जपलेले जे जे आहे, ते एक दिवस त्याच्या खऱ्या मालकाकडे परत जाणार आहे. आपली मुले, आपले देह, आपला श्वासही त्यातलाच. त्या दिवशी अमानत सुखरूप परत करणाऱ्यांत आपली गणना व्हावी, हीच अल्लाहपाशी दुआ.