शरीराचं काय?

दर रविवारी उपासनेत आम्ही प्रेषितांचा मतांगीकार म्हणतो. मेलेल्यांची शरीरं उठतील असं आपण मानतो, हे त्यात अगदी शेवटाकडे येतं. तोंडपाठ असल्यामुळे तिथं जीभ अडखळत नाही. अडखळायला हवी, असं अलीकडे वाटू लागलंय. कारण मन खरवडून पाहिलं तर शरीराबद्दल मी असलं काही मानतच नाही. आत्मा सुटला, प्रभूजवळ गेला, एवढंच मानतो. देह म्हणजे जुनं वस्त्र, टाकलं. ही समजूत मला मंडळीनं दिलेली नाही. ती इथल्या हवेतच आहे, कीर्तनांत आहे, शेजारच्या घरातल्या दहाव्या-तेराव्यात आहे. ज्यांची ती आहे त्यांनी ती खुशाल बाळगावी. मी मात्र तिच्यावर ख्रिस्ती आशेचा शिक्का मारून चालवतो.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आमच्याकडे दफनाच्या वेळी हमखास वाचतात. त्यात मरणाला सुटका म्हटलेलं नाही. मरण हा शत्रू आहे, सगळ्यात शेवटी हरणारा. आणि उठायचं ते देहासकट, तो बदललेला असला तरी. लाजराच्या कबरेपाशी तर योहानानं वाससुद्धा गाळलेला नाही. धोंडा काढा म्हटल्यावर मार्था घरातल्या व्यवहारी बाईसारखी सांगते, आज चौथा दिवस, आता घाण येत असेल. आणि ज्याला थोड्याच वेळात तिच्या भावाला हाक मारून बाहेर काढायचं आहे, तो येशू त्याआधी रडून घेतो. मला हा प्रसंग जड जातो. मयताच्या घरी मी नेमका याच्या उलट वागतो. गेलो, की पहिल्या पाच मिनिटांत आशेचं बोलून टाकतो: चांगल्या जागी गेले, त्रासातून सुटले. समोरची बाई पदर तोंडाला लावून गप्प होते. तिला धीर आला, की तिच्या रडण्यातून मी सुटलो?

३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं, की कोरोनानं गेलेल्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच करावं. ते त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. पण तेवढ्या वेळात मी हादरलो होतो. का? राखेतून उठवणं देवाला जमणार नाही, म्हणून? इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात छळ करणाऱ्यांनी हाच हिशेब केला होता. ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत लोटली, म्हणजे उठायला काही उरायलाच नको. त्यानं मंडळी काही संपली नाही. आणि रोमन कॅथलिकांना तर १९६३ पासून दहनाची मुभा आहे. तेव्हा माझी भीती राखेची नसावी. आपल्या माणसाला आपल्या हातानं मूठभर माती देता येणार नाही, ही असावी. म्हणजे मेलेल्या देहाबद्दल मी एवढा हळवा. जिवंत देहाबद्दल?

पंडिता रमाबाईंनी ऐन तरुणपणी आईवडिलांना दुष्काळात खंगून मरताना पाहिलं. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणत होत्या, आणि केडगावला त्यांना जेवू घालणं, न्हाऊमाखू घालणं, औषधपाणी करणं चाललं होतं. त्या माउलीचा पुनरुत्थानावरचा विश्वास मला तिच्या लेखनापेक्षा या कामात जास्त पटतो. जो देह देव टाकून देणार नाही, तो आपणही टाकायचा नसतो, असं त्या वागल्या.

माझी आत्या अंथरुणाला खिळून आहे. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, तरी पाठीला जखम झालीच. मी जातो, उशाशी बसतो, स्तोत्र वाचतो, प्रार्थना करतो. मी वाचतो चांगलं, असं सगळे म्हणतात. सांभाळणारी बाई टब आणि फडकी घेऊन आत आली, की फोन आल्यासारखं करून गॅलरीत जातो. घाण वाटते असं नाही. खरं म्हणजे, वाटते. वास आत आला की बाहेर पडण्याचं निमित्त तयार असतं. सार्वकालिक जीवनाबद्दल बोलायला मला कधी संकोच झाला नाही, एक मळलेली चादर ओढून काढायला होतो.

परवा वाचन अर्ध्यावर असताना आत्या म्हणाली, "वाचशील रे नंतर. मला आधी जरा उठवून बसव." बाई दुकानात गेली होती. मी तिला धरलं, पण हात कुठं लावायचा कळेना. दंड धरून ओढलं तशी ती कळवळली. तेवढ्यात बाई आली. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "दंडाला नका धरू, दादा. बगलेखालून हात घाला, आणि त्यांचं डोकं तुमच्या खांद्यावर येऊ द्या."