पाचवं कारण

वादळात छपरावरचं सोलर पॅनेल उडालं, तर दोष कुणाचा? किनाऱ्यालगतच्या गावांत पॅनेलखालचे सांगाडे आखून देणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे हा प्रश्न मला ग्रंथांपेक्षा गिऱ्हाइकाच्या ओटीवरच जास्त भेटतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळानं रायगडातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. तेव्हापासून उत्तरही ठरलेलं: "देवाच्या मनात आलं, तर तुमचे बोल्ट काय करणार?"

आधी हिशेब पाहू. आयएस 875 या मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. असा वारा सरासरी 50 वर्षांतून एकदा. म्हणजे वर्षाला 2 टक्के शक्यता. पॅनेलच्या 25 वर्षांच्या आयुष्यात ती सुमारे 40 टक्क्यांवर जाते. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण 118 किलोंचा दाब येतो. दोन चौरस मीटरचं पॅनेल जेमतेम 25 किलोंचं. वारा खालून शिरला की ते वर उचललं जातं, आणि कडेच्या, कोपऱ्यातल्या पॅनेलांना ही ओढ सर्वांत जास्त.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं येतात: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. मी ती याच क्रमानं तपासतो. अधिष्ठान म्हणजे स्लॅब, आणि त्यात अँकर बोल्ट किती खोल गेला ते. कर्ता म्हणजे मी आणि माझा फिटर. करणं म्हणजे गॅल्वनाइज्ड खांब, क्लॅम्प, टॉर्क रेंच. चेष्टा म्हणजे खाऱ्या हवेत दर पावसाळ्याआधी वर चढून गंज बघणं, सैल बोल्ट आवळणं. वादळानंतर पाहिलेल्या कित्येक छपरांवर खांब जागच्या जागी होते. क्लॅम्प तेवढे निसटले होते. तिथे पाचव्यापर्यंत जायची गरजच पडली नाही.

मग दैव ही नुसती पळवाट का? तसंही नाही. मी धरलेल्या वेगापेक्षा मोठा वारा कधीतरी येऊ शकतो. कुठल्याही वादळाला पुरेल इतकं लोखंड घातलं, तर वीज परवडणार नाही. रेघ कुठेतरी ओढावीच लागते. ती ओढताना मी आणि घरमालक दैवाचा वाटा ठरवत असतो. पण उडालेलं पॅनेल पडतं शेजाऱ्याच्या कौलांवर, त्याच्या अंगणात. त्याला कुणी विचारलेलं नसतं. आपला भार दैवावर सोपवणं ही श्रद्धा असेल. दुसऱ्याचा भार त्याला न विचारता सोपवणं ही मला चोरी वाटते.

म्हणून घासाघीस सुरू झाली की मी सांगतो, पाहिजे तर चार पॅनेलं कमी करू, कडेचा एकही क्लॅम्प कमी होणार नाही. काही गिऱ्हाइकं उठून जातात. काळजी वाटते ती त्यांच्या शेजाऱ्यांची.