साबणाचा गोळा आणि कणादांचा अवयवी

मोशीजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे आळंदीला पोचते. तिथे वारकऱ्यांना अनेकदा साबणी फेसातच स्नान करावे लागते. त्या साबणात एक जुना प्रश्न दडला आहे: समूह ही घटकांची नुसती बेरीज, की नवी वस्तू?

पाण्यात साबण विरळ असेल तर त्याचे रेणू सुटे राहतात. ठरावीक प्रमाण ओलांडले, की ते डझनावारी एकत्र येऊन सूक्ष्म गोळा बनवतात. त्याला मिसेल म्हणतात. तेलकट मळ पोटात घेण्याची शक्ती या गोळ्याची, एकट्या रेणूची नव्हे. प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात कणादांच्या वैशेषिक परंपरेने अवयवांहून, म्हणजे घटकांहून, वेगळा ‘अवयवी’, म्हणजे अखंड वस्तू, मानला; बौद्धांनी तो नाकारला. मिसेलमधले रेणू सतत बदलतात, म्हणून बौद्धांचा आक्षेप वजनदार आहे. तरीही मळ धरण्याची शक्ती समूहाचीच असल्याने कौल वैशेषिकांकडे झुकतो.

वाद काहीही असो, हा फेस आणणारे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत सोडणे मात्र आधी थांबवा.