दुसऱ्याचे दुःख पाहताना

एखाद्याने आपले दुःख चारचौघांत बोलून दाखविले, म्हणून ते चारचौघांच्या मालकीचे होते काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु अमेरिकेत वर्णद्वेष, मानसिक आरोग्य आणि समाजमाध्यमे या विषयावर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तो रोज नव्याने उभा राहतो. कृष्णवर्णीय तरुणांनी रात्री-अपरात्री लिहिलेली भीती, संताप, असहायता त्याला बसल्या जागी वाचता येते. ती वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

पाहणेच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. 25 मे 2020 रोजी मिनियापोलिस येथे एका पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला. 17 वर्षांच्या एका मुलीने ते दृश्य मोबाइलवर टिपले. 2021 मध्ये न्यायालयाने त्या अधिकाऱ्यास खुनाबद्दल दोषी ठरविले, त्यात या चित्रफितीचा वाटा मोठा होता. पण तीच चित्रफीत असंख्य घरांत, कोणी न मागता, पुनःपुन्हा येत राहिली. अशा मृत्यूंचा घाव दूरवर पोहोचतो. निःशस्त्र कृष्णवर्णीय पोलिसांच्या हातून मारला गेला, की त्या राज्यातील इतर कृष्णवर्णीयांचे मनःस्वास्थ्य पुढील काही महिने ढासळते, असे 2018 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील संशोधनाने दाखविले. गोऱ्या लोकांच्या बाबतीत तसे आढळले नाही. मेलेला माणूस अनोळखी असला, तरी त्याच्या जागी आपला भाऊ दिसतो.

1955 साली मिसिसिपीत 14 वर्षांच्या एमेट टिलची निर्घृण हत्या झाली. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोतील अंत्यविधीच्या वेळी शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. जगाने तो छिन्न चेहरा पाहिला, कारण आईने तो दाखविला. आज मात्र दाखवावे की नाही, हे आप्तांना कोणी विचारत नाही.

संशोधकालाही हाच धडा आहे. अलाबामातील टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी 40 वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतील सिफिलिसच्या रुग्णांना आजाराचे खरे स्वरूप सांगितले नाही; पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही तो दिला नाही. ज्ञान वाढावे, हाच तेथेही दावा होता. म्हणूनच 1979 च्या बेल्माँट अहवालाने व्यक्तीविषयीचा आदर हे संशोधनाचे पहिले तत्त्व मानले.

हजारो लिहिणाऱ्यांची संमती एकेकाला गाठून घेणे अशक्य आहे, हे खरे. पण त्यामुळे जबाबदारी सुटत नाही, उलट वाढते. कोणाचे वाक्य जसेच्या तसे छापले, तर त्यावरून तो माणूस शोधून काढता येतो. ते टाळावे. हाती आलेले निष्कर्ष ज्यांच्या वेदनेतून निघाले, त्यांच्यापर्यंत आधी न्यावेत.

आणि आपण? आपल्याही मोबाइलवर कोणाच्या तरी मारहाणीचे दृश्य येते आणि आपण ते सहज पुढे धाडतो. धाडण्यापूर्वी एवढेच विचारावे: याने त्या माणसाला न्याय मिळणार आहे, की केवळ आपले कुतूहल भागणार आहे?