पालक आणि न्यायाधीश

आपल्या खेड्यांतील कितीएक वडीलधाऱ्यांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आढळते. ती आईनें सांगितलेली नसून मास्तरांनीं अंदाजानें लिहिलेली असते. तिच्यामुळें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु अशाच एका तारखेवर एखाद्या परक्या मुलाचें पुढील सर्व आयुष्य अवलंबून असेल तर?

अफगाणिस्तान, सुदान वगैरे देशांतून आईबापांवांचून कित्येक मुलें इंग्लंडांत आश्रय मागण्यास येतात. १९८९ च्या बालकायद्यान्वयें १८ वर्षांखालील अशा मुलाचा सांभाळ स्थानिक कौन्सिलानें करावयाचा असतो. पण पुष्कळांपाशीं जन्माचा दाखला नसतो. मुलगा म्हणतो, "मी १६ वर्षांचा". अधिकाऱ्यास संशय येतो. मग वय ठरविण्याचें काम बहुधा त्याच कौन्सिलाच्या समाजसेवकांकडे येतें. तो प्रौढ ठरला कीं मुलांसाठीं असलेली देखरेख जाते, आणि अनोळखी पुरुषांत त्यास राहावें लागतें.

येथें खरा पेच आहे. ज्या बाईनें त्यास जेवूं घातलें, तिच्यापाशीं तो विश्वासानें घरची हकीकत सांगतो. त्याच हकीकतींतील वर्षांचा मेळ बसला नाहीं, तर ती त्याच्याविरुद्ध पुरावा होते. तिनें ती लपवावी काय? तसेंही म्हणवत नाहीं. कारण प्रौढ मनुष्य मुलांच्या घरांत राहिला तर तेथील मुलांस धोका संभवतो. म्हणून नुसती दया हें पुरें उत्तर नव्हे.

२००३ सालीं मर्टन येथील खटल्यांत न्यायालयानें सांगितलें कीं, अगदीं उघड प्रकरण सोडल्यास केवळ रूपावरून वय ठरवूं नये, आणि प्रतिकूल मत होत असल्यास कारणें सांगून मुलास उत्तर देऊं द्यावें. हा न्याय योग्यच आहे. पण माझ्या मतें आणखी तीन गोष्टी हव्यात. आपलें बोलणें कोठें जाईल हें मुलास आधीं सांगावें. जो सांभाळतो त्यानें निवाडा करूं नये. आणि संशय उरल्यास त्याचा फायदा मुलास द्यावा; कारण मुलांच्या घरांत चूक झाली तर पाहणारे जवळ असतात, प्रौढांत टाकलेल्या मुलाकडे पाहणारा कोणी नसतो.

बंधूंनो, एकाच घरीं सांत्वन करून त्याच घराविषयीं पंचांपुढें साक्ष देण्याचा प्रसंग आपणांवरही येतो. तेव्हां ऐकण्यापूर्वीं आपण कोणत्या नात्यानें आलों आहों, हें उघड सांगण्याचें धैर्य आपणांपाशीं असावें.