ओळख आणि शक्ति

मनुष्याला विचार करावयास लावणारे प्रश्न नेहमीं मोठ्या प्रसंगांतूनच उभे राहतात असें नाहीं. गेल्या महिन्यांत एका क्षुल्लक विद्युत्-साधनानें मला एक प्रश्न घातला, आणि त्याचें उत्तर शोधतांना १९९८ सालीं माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मला पुन्हां डोळ्यांसमोर आणावी लागली. प्रश्न असा कीं, एखाद्याच्या अंगीं सामर्थ्य आहे, परंतु त्याच्यापाशीं ओळखीची खूण नाहीं, एवढ्यावरून त्याला दूर ठेवण्याचा अधिकार आपणांस पोहोंचतो काय? आणि पोहोंचत असल्यास तो कोणत्या मर्यादेपर्यंत?

ज्या लॅपटॉपवर मी माझीं टिपणें लिहितों तो सात वर्षांचा जुना आहे. एके दिवशीं सकाळीं तो सुरू करतांच काळ्या पडद्यावर एक सूचना उमटली. जोडलेल्या चार्जरचा प्रकार निश्चित करतां येत नाहीं, बॅटरी कदाचित् भरली जाणार नाहीं, आणि मिळणाऱ्या शक्तीच्या बेतानें यंत्र आपलें काम जुळवून घेईल, असा तिचा आशय होता. चार्जर तर रोजचाच. लॅपटॉपबरोबर एकाच खोक्यांतून घरीं आलेला. मीं त्याचा प्लग दुसऱ्या सॉकेटमध्यें लावून पाहिला. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरलें. अशानें आंत उरलेला विद्युत्-भार निघून जातो आणि कधीं कधीं यंत्राचा घोटाळा आपोआप मिटतो. येथें तो मिटला नाहीं. यंत्राच्या मूळ मांडणीचा जो पडदा असतो, ज्याला बायॉस म्हणतात, त्यावर चार्जरच्या रकान्यांत 'अज्ञात' असा शेरा होता. बॅटरी ४१ टक्क्यांवर जी थांबली ती दिवसभर तेथेंच राहिली, आणि एरवीं क्षणांत उघडणारीं पानें रखडत उघडूं लागलीं.

दुसरे दिवशीं महाविद्यालयांत आमच्या विभागांतील एका तरुण अध्यापकानें आपला तशाच बनावटीचा चार्जर मला वापरून पाहण्यास दिला. यंत्रानें तो तत्काळ ओळखला. म्हणजे लॅपटॉप निर्दोष होता. दोष माझ्या चार्जरमध्यें होता. मी तो घेऊन बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाकडे गेलों. त्यानें मीटरचीं टोकें लावलीं, आंकडा १९.५ व्होल्टवर स्थिर झाला. तो म्हणाला, "सर, वीज पूर्ण देतोय हा. फक्त ओळख जात नाहीये."

या वाक्यानें मी थोडा चमकलों. पुढें त्यानें जें समजावून सांगितलें त्याचा सारांश असा. अशा चार्जरच्या टोकाशीं बाहेरून एकच गोल नळी दिसत असली, तरी तिच्यांत तीन वाटा असतात. नळीचा बाहेरचा पत्रा, आंतला पत्रा, आणि अगदीं मधोमध सुईसारखी एक बारीक पिन. पहिल्या दोन वाटांनीं काम करणारी वीज जाते. तिसरीनें केवळ शब्द जातो. चार्जरच्या पोटांत नखाहूनहि लहान असा एक स्मृतिधारक तुकडा बसविलेला असतो, आणि त्यांत 'मी ६५ वॅटचा, १९.५ व्होल्टचा' अशा अर्थाची नोंद असते. लॅपटॉप मधल्या पिनेच्या वाटेनें ती नोंद वाचतो आणि मगच बॅटरी भरण्यास परवानगी देतो. माझ्या चार्जरच्या दोन्ही जाड वाटा शाबूत होत्या; बारीक वाट तेवढी तुटली होती. शक्ति पूर्ण होती. परंतु तिची साक्ष देणारें कोणी उरलें नव्हतें.

अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण हें संस्कृत नाटकाच्या वाचकांस सांगावयास नको. कालिदासाच्या दुष्यंतासमोर शकुंतला उभी राहते तेव्हां तिचें बोट रिकामें असतें; शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करतांना अंगठी गळून पडलेली असते. तीच शकुंतला, तेंच सत्य. परंतु मधली पिन तुटलेली. दुर्वासाच्या शापानें राजाची स्मृति खरोखरच नष्ट झाली आहे, म्हणून त्याच्या नकारांत कवीनें त्याला दोषी धरलेलें नाहीं. पुढें कोळ्याला माशाच्या पोटांत अंगठी सांपडते आणि राजाला सर्व आठवतें. माझा लॅपटॉप या दुष्यंतासारखा होता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतें.

परंतु महाभारताच्या आदिपर्वांतील दुष्यंत निराळा आहे. तेथें शाप नाहीं आणि अंगठीहि नाहीं. त्या राजाला सर्व आठवत असतें, आणि तरीहि तो भर सभेंत 'मी तुला ओळखीत नाहीं' म्हणून शकुंतलेस कठोर शब्द बोलतो. आकाशवाणी होते तेव्हां तो सभासदांस सांगतो कीं, हें मलाहि ठाऊक होतें. परंतु केवळ हिच्या शब्दावर मीं मुलाचा स्वीकार केला असता तर लोकांनीं शंका घेतली असती. कालिदासानें राजाला शापाच्या आड सुरक्षित ठेवलें. व्यासांनीं तसें केलें नाहीं. जाणत असून न ओळखणाऱ्या माणसाला त्यांनीं उघडें उभें केलें आहे.

मला हा दुसरा दुष्यंत चांगला ओळखतां येतो, कारण १९९८ सालच्या मार्च महिन्यांत मी स्वतः तसा वागलों आहें. तेव्हां मी एका तालुक्याच्या गांवीं नुकताच नोकरीस लागलों होतों. विद्यापीठाच्या परीक्षेच्या दिवशीं मी पर्यवेक्षक असलेल्या दालनाच्या दारांत एक विद्यार्थी धापा टाकीत येऊन उभा राहिला. एस. टी. मध्यें त्याची पिशवी राहून गेली होती आणि प्रवेशपत्र तिच्यांत होतें. हा मुलगा दोन वर्षें माझ्या तासाला तिसऱ्या बाकावर बसत असे; त्याचें अक्षरसुद्धां मला ठाऊक होतें. तो म्हणाला, "सर, तुम्ही तर मला ओळखतां ना?" मीं उत्तर दिलें, "प्रश्न माझ्या ओळखीचा नाहीं, प्रवेशपत्राचा आहे." त्याच इमारतींत केंद्रप्रमुख बसले होते, त्यांच्याकडून हमीपत्र लिहून घेऊन त्याला पेपर देतां आला असता. ती वाट मीं त्याला दाखविली नाहीं. तो थोडा वेळ दाराशीं उभा राहिला आणि निघून गेला. पुढील वर्षाच्या हजेरीपटावर त्याचें नांव नव्हतें.

माझ्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं असें मात्र नाहीं, आणि तें मीं अनेक वेळां मनाशीं बोलून पाहिलें आहे. एका पर्यवेक्षकाची ओळख ही खाजगी गोष्ट आहे. परीक्षा ही सार्वजनिक गोष्ट आहे. आज मी ओळखीच्या मुलाला आंत घेतों, उद्यां दुसरा कोणी ओळखीच्या तोतयाला आंत घेईल. खूण मागण्याचा नियम हा मूलतः दुबळ्यांच्याच रक्षणासाठीं असतो; कारण खुणेवांचून केवळ ओळखीवर जग चालूं लागलें, तर ज्यांची वरपर्यंत ओळख आहे त्यांचेंच तें होईल. लॅपटॉपच्या सावधगिरीलाहि असेंच कारण आहे. समोरचा चार्जर ६५ वॅटचा कीं ४५ वॅटचा हें न कळतां त्यानें भरमसाट वीज ओढली, तर बिचारा लहान चार्जर तापून निकामी व्हावयाचा. तेव्हां अविश्वास हा नेहमींच दुर्गुण असतो असें म्हणतां येत नाहीं. व्यासांच्या दुष्यंताचेंहि म्हणणें हेंच होतें, आणि तें अगदींच पोकळ नव्हतें.

तरीहि त्या निर्जीव यंत्राची वागणूक माझ्या वागणुकीशेजारीं ठेवून पाहिली, तेव्हां मला खालीं पाहावें लागलें. पहिली गोष्ट, यंत्रानें 'हा चार्जर खोटा आहे' असें म्हटलें नाहीं. 'याचा प्रकार मला निश्चित करतां येत नाहीं' असें म्हटलें. उणीव त्यानें आपल्या ज्ञानाच्या खातीं लिहिली, समोरच्याच्या चारित्र्याच्या खातीं नव्हे. दुसरी गोष्ट, आपण काय करणार आणि काय करणार नाहीं हें त्यानें स्पष्ट सांगितलें. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, त्यानें दार लावून घेतलें नाहीं. आपला वेग कमी करून, धोका बेताचा ठेवून, त्यानें त्या अनोळखी शक्तीवर काम चालू ठेवलें आणि खात्री पटण्यास अवधि दिला. हमीपत्र म्हणजे दुसरें काय असतें? दुष्यंतालाहि असें म्हणतां आलें असतें कीं, बाई, मला आठवतें, पण लोकांना पुरावा हवा. तो मिळेपर्यंत येथें सन्मानानें राहा. पुरावा मागणें हा त्याचा अपराध नव्हे. पुरावा नाहीं म्हणून ती खोटी, असें बोलून दाखविणें हा अपराध होय. माझाहि अपराध हाच होता. नियम मीं पाळला यांत पाप नाहीं. नियमांतच असलेली दयेची वाट मीं झांकून ठेवली, आणि त्या झांकण्याला निःपक्षपात असें नांव दिलें.

येथवर मीं यंत्राची स्तुति केली. आतां त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ओळख न पटलेल्या चार्जरकडून तें काम करून घेत होतें, पण बॅटरीच्या भांडारांत थेंबभरहि जमा होऊं देत नव्हतें. आजचें काम आज. उद्यांसाठीं शिल्लक कांहीं नाहीं. एकदोन दिवसांची व्यवस्था म्हणून हें ठीक आहे. परंतु हीच स्थिति वर्षानुवर्षें चालली तर? ज्या तरुण अध्यापकाचा चार्जर माझ्या यंत्रानें क्षणांत ओळखला, तो स्वतः नेट उत्तीर्ण असून अकरा वर्षें तासिका तत्त्वावर शिकवीत आहे. तास घेतला तर मानधन. सुटींत कांहीं नाहीं. मी शिकवितों तेंच तो शिकवितो, आणि माझ्याहून बरें शिकवितो असें विद्यार्थी म्हणतात. आम्ही त्याची वीज रोज वापरतों. त्याची बॅटरी ४१ टक्क्यांवर थांबलेली आहे. अंतरिम व्यवस्था ही खात्री होईपर्यंतच न्याय्य असते. खात्री करून घेण्याची इच्छाच जेथें उरलेली नाहीं, तेथें ती व्यवस्था म्हणजे सेवा घेऊन ओळख नाकारण्याची एक सोयीची रीत होऊन बसते. आपल्या समाजाला ही रीत नवी नाहीं, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

या गोष्टीवर जगानें कांहींच उपाय शोधला नाहीं असें नव्हे. प्रत्येक कारखान्याची खूण निराळी, म्हणून एकाचा चार्जर दुसऱ्याला परका, ही स्थिति मोडण्यासाठीं यूएसबी-सी नांवाची समान जोडणी आली. तिच्यांत देणारा प्रथम पांच व्होल्टांपासून आरंभ करतो. म्हणजे अनोळखी पाहुण्यालाहि पाण्याचा तांब्या मिळतोच. मग देणारा 'मजजवळ इतकें आहे' असें सांगतो, घेणारा 'मला इतकें हवें' असें मागतो, आणि दोघांच्या संमतीनें दाब वाढतो. युरोपीय संघानें २०२२ सालीं कायदा करून ही जोडणी फोन व तत्सम उपकरणांस २८ डिसेंबर २०२४ पासून, आणि लॅपटॉपांस २८ एप्रिल २०२६ पासून बंधनकारक ठरविली. यांतील तत्त्व मोलाचें आहे. खूण असावीच, परंतु ती सर्वांना बोलतां येईल अशा भाषेंत असावी, आणि ती पटण्यापूर्वींहि कांहीं किमान आतिथ्य असावें.

आतां राहिली माझ्या चार्जरची गोष्ट. त्या तरुणानें टोकापासून चार बोटें तार कापली आणि तुटलेली जागा मला दाखविली. तो म्हणाला, "रोज घट्ट गुंडाळत असाल, सर. मधली वायर सर्वांत बारीक, तीच आधीं जाते." खरी गोष्ट होती. सात वर्षें रोज संध्याकाळीं, नीटनेटकेपणाच्या हौसेनें, मी ती तार ठोकळ्याभोंवतीं आवळून गुंडाळीत आलों होतों. ज्याची ओळख पटत नाहीं म्हणून मी दोन दिवस कुरकुरलों, त्याची ओळख माझ्याच हातानें तोडली होती.

हें पाहिल्यावर एक निराळीच शंका मनांत आली, आणि ती अजून गेलेली नाहीं. ज्यांच्यापाशीं खूण नसते, त्यांची ती कोणी हिरावली हें आपण विचारतों काय? दगडमाती उपसून ज्यांच्या बोटांवरील रेघा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्रावर जुळत नाहीं म्हणून ते धान्याच्या दुकानांतून रिकाम्या हातीं परत गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्या रेघा कोणाचीं घरें बांधतांना झिजल्या? खूण मागणाऱ्यानें हा प्रश्न एकदां तरी स्वतःस विचारला पाहिजे. मग नकार देतांना त्याचा आवाज इतका चढा राहणार नाहीं.

तरुणानें नवें टोक डाखून दिलें. घरीं येऊन चार्जर लावला. सूचना उमटली नाहीं, आणि आंकडा ४१ वरून ४२ वर गेला. १९९८ सालची तार अशी जोडून मिळत नाहीं. मात्र येत्या मार्चमध्यें पर्यवेक्षणाची पाळी पुन्हां माझ्याकडे येईल, आणि त्या वेळीं हमीपत्राचे चार कोरे कागद मी खिशांत ठेवणार आहें.