पस्तीस पटींनी लहान

वर्धा जिल्ह्यातील देवळी ज्या वाचकांनी पाहिले नसेल त्यांना एवढेच सांगतो, की हे तालुक्याचे गाव दोन अत्यंत भिन्न शेजाऱ्यांच्या मध्ये वसले आहे. एका अंगाला वर्धा आणि त्यापलीकडे सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले. युद्ध टाळावे अशी विनंती करणारे जे पत्र त्यांनी २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिले, त्यावर स्थळ म्हणून वर्ध्याचेच नाव आहे. सरकारने ते पत्र पुढे जाऊ दिले नाही. दुसऱ्या अंगाला, याच देवळी तालुक्यात, पुलगाव आहे. तेथे भारतीय लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या भांडारात आग लागली आणि ती विझवावयास गेलेले जवान व अधिकारी प्राणास मुकले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच्या सोनेगाव येथे जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा माणसे गेली; त्यांत आसपासच्या खेड्यांतले रोजंदारीचे मजूरही होते. या भागात युद्ध हा वर्तमानपत्रातला विषय नाही. कोणाच्या तरी घरचा डबा त्या फाटकातून रोज आत जातो.

हे सारे आधी सांगण्याचे कारण असे, की गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील सात मुले हिशेबाच्या वहीचा एक मोठा कागद घेऊन आमच्याकडे आली. दिवाळीच्या सुटीत चर्चचे सभागृह त्यांना हवे होते. सर्वांनी मिळून लष्करी प्रतिकृती करावयाच्या, असा बेत होता. विषय ठरला होता: १६ डिसेंबर १९७१, शकरगढ भागातील बसंतरची लढाई आणि पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा. माप ठरले होते: एकास पस्तीस. दोन जुळणीचे संच वर्गणी काढून मागवायचे, बाकीचे पुठ्ठा, काड्या आणि पावडरच्या डब्याचा पत्रा यांतून करायचे. कागदावर रकाने होते: कोणी काय करायचे, कोणत्या दिवशी कोणता भाग पुरा व्हायचा, रंग कोणी आणायचा. आमच्या धर्मग्राम मंडळाच्या बैठकांची टिपणे इतकी नीटनेटकी असती तर आम्ही अधिक सुखी असतो.

आम्ही होकार देणारच होतो. परंतु त्याच संध्याकाळी त्या सातांपैकी एकाची आई भेटावयास आली. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने दारूगोळ्याच्या कामावरचा माणूस गमावला आहे. ते हे कुटुंब. ती फारसे बोलली नाही. “फादर, त्या वस्तूचं खेळणं आमच्या घरात नाही पायजे,” एवढेच म्हणाली आणि उभी राहिली. तिचा मुलगा त्या सात जणांत सर्वांत कुशल हाताचा.

सभागृहाची किल्ली देणे न देणे ही किरकोळ बाब होती. परंतु प्रश्न किरकोळ नव्हता, आणि तो आम्हांला आठवडाभर पुरला. ज्या वस्तूचे प्रयोजनच माणूस मारणे हे आहे, तिची सुंदर प्रतिकृती प्रेमाने करणे योग्य आहे काय?

दोन सोपी उत्तरे लगेच सुचतात. एक असे, की हा निव्वळ छंद आहे. प्लास्टिकच्या तोफेने आजवर कोणी मेलेले नाही. या उत्तराला इतिहासाचा आधार मात्र पुरेसा नाही. फ्रान्सचा चौदावा लुई याच्या दरबारी १६६८ पासून किल्लेबंद शहरांच्या एकास सहाशे मापाच्या प्रतिकृती होऊ लागल्या त्या शोभेसाठी नव्हे, तर वेढा कसा घालावा आणि कसा मोडावा हे ठरविण्यासाठी. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून एकास बहात्तर मापाची पाच लाख लाकडी विमाने मागविली; आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना आकृतीवरून ओळखता यावे म्हणून. वर्गावर्गांतून मुलांनी ती तासली. तोही सामुदायिक उपक्रमच होता, आणि त्यातल्या प्रत्येक निर्दोष विमानामागे कोणते तरी खरे विमान पाडण्याचा हेतू होता. उलट, इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ साली शिशाच्या सैनिकांच्या खेळावर ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध किती बरे, असे त्यात मांडले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध टळत नाही, तसे ते खेळामुळे पेटतही नसावे. परंतु दोहोंचा काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही.

दुसरे सोपे उत्तर असे, की शस्त्र पाप आहे, तेव्हा त्याची प्रतिमाही पाप. हे ऐकावयास उदात्त वाटते. परंतु आमच्याच धर्मग्रामातील मुले सैन्यात आहेत, त्यांच्यासाठी आम्ही मिस्सा अर्पण करतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात संपूर्ण शहरे सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धकृत्याचा देव आणि मानव यांच्याविरुद्धचा गुन्हा म्हणून निषेध केला. त्याच प्रकरणात देशाच्या रक्षणाचे कर्तव्य नीट बजावणारा सैनिक शांतीलाच हातभार लावतो, असेही म्हटले. या दोन वाक्यांमधली जागा अरुंद आहे आणि आपणां सर्वांना तेथेच उभे राहावे लागते. सैनिकाला मान द्यायचा आणि त्याच्या रणगाड्याच्या प्रतिकृतीला विटाळ मानायचा, हे आम्हांला प्रामाणिक वाटेना.

मग आम्ही मुलांकडेच गेलो. ती काय करीत आहेत हे नीट पाहावे, मग मत द्यावे, असे ठरविले. (ही पद्धत आम्ही सेमिनरीत शिकलो आणि धर्मगुरू झाल्यावर बरीच विसरलो.)

एकास पस्तीस म्हणजे काय, हे आम्हांला प्रथमच कळले. खऱ्या सेंच्युरियनचे धूड तोफ सोडून सुमारे साडेसात मीटर लांब. मापात ते बावीस सेंटिमीटरच्या आत येते. त्या रणगाड्याच्या ८४ मिलिमीटर तोफेचे तोंड अडीच मिलिमीटरसुद्धा भरत नाही. मध्यम उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरांपेक्षा थोडा कमी. या मापाचा जन्मही गमतीचा आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या तामिया कंपनीने चालणारा रणगाडा काढला, तेव्हा आत विजेऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून जो आकार आला तो हा. पुढे जगाने तेच प्रमाण मानले. आपल्या पुष्कळ परंपरांचे मूळ याहून फार भारदस्त असेल, अशी खात्री आम्ही देणार नाही.

मुलांचा खरा वाद बारीकसारीक भागांवरून चालला होता. संचातला प्लास्टिकचा भाग जाड असतो; खऱ्या पत्र्याचा पातळपणा त्यात येत नाही. म्हणून पितळेच्या पातळ पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या जाळ्या, कड्या, पेट्यांच्या पट्ट्या वेगळ्या विकत मिळतात. धातूची कातलेली तोफनळी मिळते. राळेत ओतलेल्या ताडपत्रीच्या वळकट्या मिळतात. त्यांची किंमत कधी कधी मूळ संचाएवढी होते. वर्गणी तेवढी नव्हती. तेव्हा तो कुशल हाताचा मुलगा घरी चहाच्या गाळणीची जाळी कापून इंजिनावरची जाळी करून बघत होता, आणि ती बरोबर मापाची व्हावी म्हणून त्याने तीन गाळण्या खराब केल्या होत्या. आईच्या रागाचे ते एक उपकारण असावे.

त्याला आम्ही विचारले, रणगाड्यावरची ही कडी दोन मिलिमीटर इकडे की तिकडे, याने काय बिघडते? तो म्हणाला, “फादर, ती तिथं नव्हती ना.” आम्ही निरुत्तर झालो. सत्याविषयीचा इतका साधा आदर आम्ही पुष्कळ प्रवचनांत शोधून पाहिला आहे, आमच्या स्वतःच्यासुद्धा.

पुण्याकडे दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात, ते आम्ही सेमिनरीच्या दिवसांत पाहिले आहेत. तेथे मापाची कोणी पर्वा करीत नाही. गडाच्या माथ्यावर बसलेले शिवाजी महाराज बुरुजाहून मोठे असतात, पायथ्याच्या शेतात हळीव उगवते आणि त्याचे जंगल होते. आपल्या नाताळच्या गोठ्यातही बाळ येशू मेंढीपेक्षा मोठा असतो, आणि कोणी तक्रार करीत नाही. भक्तीचे माप वेगळे आणि फूटपट्टीचे माप वेगळे. मातीच्या किल्ल्यात मूल जे मानते ते मांडते. या प्रतिकृतीत ते जे होते ते मांडू पाहते. म्हणून येथे प्रश्न अधिक कडक होतो. ‘जे होते ते’ म्हटल्यावर कोठे थांबायचे? कडी हवी, रिबिट हवे, धुळीचा रंग हवा. माणूस?

त्या कागदावर माणसांचा रकाना नव्हता. सेंच्युरियनमध्ये चार माणसे असतात. अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, १९५० चा. त्या दिवशी ते एकवीस वर्षांचे होते. पेटलेला रणगाडा सोडावा असा हुकूम असतानाही, तोफ चालते आहे म्हणून ते मागे फिरले नाहीत. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तो रणगाडा पुढे अहमदनगरच्या, आता अहिल्यानगर म्हणतात त्या शहरातील, चिलखती दलाच्या केंद्रात आला. तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले; आम्ही एकदा ते पाहिले आहे. झाडांच्या सावलीत अनेक देशांचे रणगाडे रांगेने उभे आहेत, रंगवलेले, स्वच्छ. पूर्ण आकाराच्या वस्तूही इतक्या नीट ठेवल्या म्हणजे खेळण्यासारख्याच दिसतात, हे तेथे जाणवले होते. तेव्हा दोष मापाचा नाही.

आम्ही मुलांना सुचविले, की मोडलेला, जळलेला रणगाडाही एक करा, म्हणजे युद्ध काय असते हे पाहणाऱ्याला कळेल. आपण काही खोल बोललो असे आम्हांला वाटले. त्यावर सर्वांत लहान मुलगा उत्साहाने म्हणाला, “फादर, जळालेला तर सगळ्यात भारी दिसतो! गंज, काजळी, सोललेला रंग, सगळं करता येतं.” इतरांनी माना डोलावल्या. आमचा उपाय असा मिनिटभरात निकालात निघाला. मुलाचे म्हणणे खरे आहे. कुशल हात विनाशालाही देखणा करतो. कौशल्यापाशी त्यावर औषध नाही. हे चित्रकारांना, कवींना आणि वधस्तंभावरचा ख्रिस्त कोरणाऱ्या मूर्तिकारांनाही लागू आहे, हे आम्ही जाणतो. परंतु क्रुसापुढे आपण जेव्हा थांबतो तेव्हा कोरीवकाम पाहत नाही, किमान पाहू नये. कोण टांगला आहे हे आपल्याला ठाऊक असते. प्रतिकृतीपुढे थांबणाऱ्यालाही कोण आत होते हे ठाऊक असेल, तर काजळी ही नुसती रंगाची करामत राहणार नाही, असे आम्हांला वाटते. यापलीकडे आमची खात्री जात नाही.

आणखी एक रकाना रिकामा होता. पॅटन रणगाडा कोणी करायचा? संच मागवायचा हे ठरले होते. शत्रूशिवाय लढाई मांडता येत नाही. परंतु करावयास कोणी तयार नव्हते. दिवाळीच्या किल्ल्यावरही मावळे सर्वांना हवे असतात. शत्रूचा सैनिक हौसेने विकत घेणारे मूल आम्हांला आठवत नाही. तेव्हा आम्ही मुलांना २००१ सालची हकीकत सांगितली. अरुण खेत्रपाल यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल, वय एक्याऐंशी, आपले जन्मगाव पाहावे म्हणून पाकिस्तानात गेले. लाहोरात ज्यांच्या घरी ते पाहुणे होते ते निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी मोठी सरबराई केली. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितले, की बसंतरला तुमच्या मुलासमोरचा रणगाडा माझा होता. तो माझ्या हातून गेला. वृद्ध बाप काय बोलणार होता? तरीही दोघे परस्परांशी सभ्यतेने वागून निरोप घेते झाले.

मुले गप्प झाली. कोणी पुढे होऊन “पॅटन मी करतो” म्हणाले नाही; तसे झाले असते तर लिहावयास बरे वाटले असते. एकाने फक्त विचारले, त्या पॅटनचा क्रमांक कोठे मिळेल काय? आम्ही म्हटले, शोधा.

सभागृहाची किल्ली आम्ही दिली. त्या आईला जाऊन तसे सांगितलेही, आणि तिच्या घरात काहीही येणार नाही, सर्व सभागृहातच राहील, असे कबूल केले. तिने नाराजी लपविली नाही, आणि तिने ती लपवावी अशी आमची अपेक्षाही नव्हती. तिच्या दुःखाला एखाद्या तत्त्वाने उत्तर देणे हा उद्धटपणा झाला असता. मुलानेच वाट काढली. आपण रणगाडा करणार नाही, जमीन करू, असे तो म्हणाला: बसंतरचा काठ, चाकोऱ्या, वाळलेले गवत, ओहोळाची ओली रेती. तिने थोडा विचार करून “माती करू दे” म्हटले. मग विचारले, त्या जमिनीत सुरुंग होते ना? होते, म्हणून तर रणगाडे अडकत होते, मुलगा म्हणाला; पण ते मातीखाली असतात, दाखवावे लागत नाहीत. ती काही बोलली नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू होईल. कागद सभागृहाच्या भिंतीला चिकटवला आहे. त्यावर आता माणसांचा एक रकाना वाढला आहे, चार सेंच्युरियनचे आणि चार पॅटनचे. पॅटनपुढे अजून कोणाचे नाव नाही.